भाताच्या करप्यावर हार्मोनचं टॉनिक मारायला सांगतायत, झाडातले हार्मोन बुरशीला खरंच अडवतात का?

मावळ_खाचर:
नमस्कार मंडळी. पवन मावळात इंद्रायणी लावलीय, लावण जुलैत झाली, आता पीक फुटव्यात आहे. गेला आठवडाभर ऊन असं पडलंच नाही, दिवसभर झिमझिम, रात्री गारवा, सकाळी उशिरापर्यंत पानावरचं पाणी वाळत नाही आणि वरच्या दोन खाचरांत ठिपके दिसायला लागलेत, दोन्ही टोकांना निमुळते, मधे राखाडी, कडेला तपकिरी, म्हणजे करपाच. खालच्या खाचरांत अगदी तुरळक आहेत.

दुकानात गेलो तर ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक दिलंच पण त्यासोबत दोन बाटल्या काढून ठेवल्या. एक जिब्रेलिकची, म्हणाले पीक उचल घेतं आणि रोगातनं बाहेर पडतं. दुसरीवर सॅलिसिलिक ॲसिड लिहिलंय, म्हणाले यानं झाडाची इम्युनिटी वाढते. मी अजून काही घेतलं नाही. बहीण बीएस्सी ॲग्रीला आहे, ती म्हणते दोन्ही हार्मोनच आहेत पण काम उलटंपालटं आहे, त्यापुढचं तिलाही नीट सांगता येईना.

मला हे मुळापासून समजून घ्यायचंय. झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, मग हार्मोन बुरशीला अडवतो म्हणजे तो नेमकं करतो काय? वरून फवारला तरी तेच होतं का? आणि बी तेच, खत तेच, लावण एकाच टायमाला, तरी वरच्याच खाचरांत जास्त का? कुणी अभ्यासलं असेल तर सांगा, लांब लिहिलं तरी वाचतो.

बुरशी_अभ्यासक:
मावळ_खाचर, प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत. माझं काम पीक रोगशास्त्रातलंच आहे म्हणून जरा पसरून लिहितो.

आधी बुरशी आत कशी शिरते ते बघ कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. करप्याची बुरशी म्हणजे मॅग्नापोर्थे ओरायझी. तिचा बीजाणू ओल्या पानावर पडला की स्वतःच्या चिकट द्रव्यानं चिकटून बसतो, काही तासांत कोंब काढतो आणि कोंबाच्या टोकाला एक काळा घुमट तयार करतो. त्या घुमटात पाण्याचा दाब ८ मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या साधारण ४० पट, आणि त्या जोरावर एक बारीक खुंटी पानाची साल फोडून आत जाते. हा दाब धरून ठेवायला घुमटाला मेलॅनिनचा काळा थर लागतो, ट्रायसायक्लॅझोल नेमकं ते मेलॅनिन बनू देत नाही. म्हणून ते औषध आत शिरायच्या आधी चांगलं काम करतं, पडलेला ठिपका त्यानं बरा होत नाही. याचा हार्मोनशी संबंध नाही, हे सरळ बुरशीवरचं औषध.

आता आत शिरल्यावर. पहिले काही दिवस ही बुरशी पेशी मारत नाही, जिवंत पेशीतच पसरत राहते, ठिपका नंतर दिसतो. झाडाचा सगळा डाव या सुरुवातीच्या वेळातच आहे. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, त्याचे तुकडे सुटले की भाताच्या पेशीवरचे रिसेप्टर ते ओळखतात, पेशीत कॅल्शियम उसळतं, ऑक्सिजनची जहाल रूपं तयार होतात आणि मग हार्मोनचं काम सुरू होतं. तू विचारलंस हार्मोन नेमकं काय करतो, तर हार्मोन स्वतः बुरशी मारत नाही. तो निरोप देतो. निरोप पोचला की शेकडो जनुकं चालू होतात, पेशीभिंत जाड होते, कायटिन तोडणारी विकरं (एन्झाइम) बनतात, मोमिलॅक्टोन आणि साकुरानेटिनसारखी बुरशीनाशक रसायनं भात स्वतःच्या पानात बनवतो, वेळ आली तर बुरशी जिथं शिरलीय ती पेशी झाड स्वतः मारून टाकतं म्हणजे तिला पुढं खायला मिळत नाही.

सॅलिसिलिक ॲसिडचं भातात एक वेगळंच प्रकरण आहे आणि तुझ्या बाटलीचा निकाल तिथंच लागतो. तंबाखूसारख्या झाडात रोग आला की सॅलिसिलिक ॲसिड एकदम वाढतं. भाताच्या पानात ते मुळातच कितीतरी पट जास्त असतं आणि करपा आल्यावर फारसं वाढतही नाही. मग ते कामाचं नाही का? तर आहे. हे ॲसिड फोडून टाकणारं एक बॅक्टेरियाचं जनुक भातात घालून बघितलं तेव्हा त्या भातावर करपा जास्त आला. म्हणजे ॲसिड पाहिजेच, पण भातात कमतरता ॲसिडची नसते, पुढची साखळी वेळेत चालू होते का हा प्रश्न असतो. त्या साखळीतला एक मोठा दुवा म्हणजे डब्ल्यूआरकेवाय४५ नावाचं प्रथिन. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की हे प्रथिन भातात जास्त बनवलं तर करप्याला जबरदस्त प्रतिकार येतो, आणि तेच कमी केलं तर बाहेरून प्रतिकार जागा करणारं औषध देऊनही काही उपयोग होत नाही.

दुसरा हार्मोन जास्मोनिक ॲसिड. पुस्तकात असं शिकवतात की हा किडी आणि कुजवणाऱ्या बुरशीसाठी आणि सॅलिसिलिक वेगळ्या रोगांसाठी, दोघांचं एकमेकांशी वाकडं. भातात इतकी सरळ वाटणी नाही. जास्मोनिक बनवता न येणारे भाताचे म्युटंट (जनुकात बदल झालेली रोपं) करप्याला जास्त बळी पडतात, साकुरानेटिन बनायलाही जास्मोनिकचा निरोप लागतो.

आणि मला स्वतःला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट इथंच आहे. बुरशीला हे निरोप कळतात! २०१५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेक प्रयोगशाळेतल्या राजेश पाटकर, नावीद नक्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की करप्याची बुरशी एक विकर सोडते जे भाताच्या जास्मोनिक ॲसिडला एक छोटा बदल करून निकामी करतं, निरोप तिथंच मरतो. ते विकर काढून टाकलेली बुरशी भातात नीट पसरू शकली नाही, झाडानं तिला अडवलं. हीच बुरशी सायटोकायनिन नावाचा झाडाचा हार्मोनसुद्धा स्वतः बनवते. म्हणजे पानाच्या आत दोन्ही बाजू एकाच भाषेत बोलतायत आणि एक बाजू दुसरीचे निरोप खोडतेय. अशा ठिकाणी वरून एक हार्मोन ओतला तर काय होईल हे बाटलीवरच्या एका ओळीत सांगता येत नाही.

खाचरांचं वेगळं लिहितो, आधी सांग वरच्या खाचरांत पाणी टिकतं का?

धान_साकोली:
नमस्कार भाऊ, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, आमच्या इकडं धान म्हणतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर बोलतो, बाकी सरांनी सांगितलंच. आमच्या गावात म्हातारे लोक पहिल्यापासून सांगत आले की ज्या बांधीत (खाचरात) पाणी तुटलं तिथं करपा आधी येते. तलावाच्या खालच्या बांध्या पाण्यात असतात तिथं कमी, टेकाडावरच्या जिथं पाऊस गेला की दोन दिवसात जमीन उघडी पडते तिथं जास्त. मी पण दरसाल तसंच पाहतो. आम्ही याचं कारण असं समजायचो की कोरड्या बांधीत धान कमजोर होते, एवढंच. पण सर तुम्ही पाणी टिकते का म्हणून विचारलं त्यावरून वाटते याचा पण हार्मोनशी संबंध आहे का? असेल तर खुलासा करा, आमच्या गटात वाचून दाखवतो.

बुरशी_अभ्यासक:
धान_साकोली भाऊ, तुमच्या गावच्या लोकांनी पाहिलंय ते अगदी खरं आहे, आणि कमजोरी हे त्यातलं अर्धंच कारण.

खाचरात पाणी उभं असलं की मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी भात इथिलिन बनवतो, हा वायुरूप हार्मोन, केळी पिकवतो तोच. शिवाय पाण्याखाली हा वायू बाहेर पडू शकत नाही म्हणून साठतो. अमेरिकेत अर्कान्सासला भात मोठ्या प्रमाणावर होतो, तिथं हाच अनुभव होता की पाणी तुटलेल्या शेतात करपा वाढतो. तिथल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की पाणी भरलेल्या भाताचा हा प्रतिकार इथिलिनमार्फत येतो. पुढं २०१३ मध्ये इथिलिन बनवणारं भाताचंच एक जनुक रोग आल्यावर जोरात चालेल अशी सोय करून बघितलं तर करपा आणि पर्णकोष करपा दोन्हींना प्रतिकार वाढला.

आता उलट बाजू. पाणी तुटलं की भात ॲब्सिसिक ॲसिड बनवतो. त्याचं काम पानाची रंध्रं मिटवून पाणी वाचवणं. झाडाच्या दृष्टीनं बरोबरच आहे, पाणी नाही तर आधी पाणी वाचवा. पण हा हार्मोन वाढला की सॅलिसिलिकची साखळी दाबली जाते, ते डब्ल्यूआरकेवाय४५ जागं होत नाही, आणि नेमक्या त्या वेळी बीजाणू पडला तर बुरशीला मोकळं रान. भातावर ॲब्सिसिक ॲसिड फवारून मुद्दाम बघितलंय, करपा वाढतो.

आणि मावळ_खाचर, तुझ्यासाठी महत्त्वाचं, ॲब्सिसिक फक्त दुष्काळानं वाढत नाही, गारव्यानंही वाढतं. जपानमध्ये गार उन्हाळ्यात करप्याची साथ येते हे जुनं दुखणं आहे, तिथं २०१५ मध्ये साखळीतला नेमका दुवाही सापडला, थंडी किंवा खारटपणाचा ताण असला की औषधानं जागा केलेला प्रतिकारसुद्धा पडतो. मावळ, भोर, इगतपुरी, इकडं ऑगस्टमधल्या गार रात्री, दिवसभर ओलं पान, आणि त्यात वरच्या खाचरातलं पाणी तुटलेलं. सगळं करप्याच्या बाजूचं जमतं.

मावळ_खाचर:
सर वरच्या खाचरांची ताल (बांध) जुनी आहे, खेकड्यांनी भोकं पाडलीत, पाऊस थांबला की एका रात्रीत पाणी खाली उतरतं. खालच्या खाचरांत कायम घोट्याएवढं असतं. म्हणजे सगळं बघा जुळतंय, मी तर बियाण्यात दोष शोधत होतो. आणि बेणणीला (तण काढायला) पाणी काढलं होतं वरच्यात, ते परत नीट भरलंच नाही कारण पाऊस होताच.

आता जिब्रेलिकचं सांगा कुणीतरी, कारण दुकानदार त्याचाच आग्रह जास्त करतोय.

त्सुकुबा_मराठी:
मी मूळची चिपळूणची, सध्या जपानमध्ये त्सुकुबाला असते, माझं संशोधन भाताच्या वाढीवरच आहे म्हणून जिब्रेलिकवर मी लिहिते.

दादा, ती बाटली घेऊ नका, निदान करपा असताना तरी अजिबात नाही. जिब्रेलिन सापडलंच मुळी भाताच्या एका बुरशीतून. जपानमध्ये बाकानाए म्हणून रोग आहे, रोप एकदम उंच, फिकट, बारीक होतं, शेतात इतर रोपांच्या वर डोकं काढून उभं राहतं आणि मग मरतं किंवा लोंबी पोकळ राहते. १९२६ मध्ये तैवानमध्ये काम करणाऱ्या एइची कुरोसावा यांनी दाखवलं की बुरशी गाळून काढून नुसतं तिचं पाणी दिलं तरी रोपं तशीच लांबतात, म्हणजे बुरशी काहीतरी द्रव्य सोडतेय. १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला जिब्रेलिन नाव दिलं. नंतर कळलं की हे द्रव्य झाडं स्वतःही बनवतात, वाढीसाठी. तुमच्या बाटलीत जे आहे ते त्याच घराण्यातलं. बासमतीच्या पट्ट्यात, हरियाणा पंजाबात, हाच रोग आजही त्रास देतो.

मग बुरशी झाडाला वाढीचा हार्मोन का देत असेल? भातात एसएलआर१ नावाचं प्रथिन असतं, ते वाढीला ब्रेक लावून ठेवतं. जिब्रेलिन आलं की ते प्रथिन मोडलं जातं आणि झाड लांबतं. पण हेच प्रथिन सॅलिसिलिक आणि जास्मोनिक दोन्हींच्या प्रतिकाराला बळ देतं! ते मोडलं की वाढ सुटते आणि संरक्षणही सुटतं. जिब्रेलिनचा निरोप न ऐकू येणारे बुटके म्युटंट भात आहेत, त्यांना करपा कमी होतो. जिब्रेलिन मोडण्याचं विकर बिघडलेले उंच म्युटंट आहेत, त्यांना करपा आणि कडा करपा दोन्ही जास्त होतात. दोन्ही बाजूंनी पुरावा एकाच दिशेला बोट दाखवतोय. म्हणजे उचल येईल हे दुकानदार खोटं सांगत नाहीत, उचल येईलच, पण करप्याच्या हवेत ती उचल तुम्हाला महागात पडेल. लांबलेला भात लोळेल ते वेगळंच.

जिब्रेलिकचा भातात खरा उपयोग हायब्रीडच्या बीजोत्पादनात आहे, तिथं मादी ओळीची लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेर निघत नाही म्हणून फवारतात. आपल्या खाण्याच्या भाताला त्याची गरज नसते.

आता इकडे शेतकरी काय करतात ते सांगते कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर त्यात आहे. प्रोबेनाझोल म्हणून दाणेदार औषध इकडे १९७० च्या दशकापासून वापरतात. रोपांच्या ट्रेमध्ये किंवा शेतातल्या पाण्यात टाकतात, मुळं ते ओढून घेतात. बुरशीवर थेट त्याचा म्हणावा असा परिणाम नाही, ते भाताची सॅलिसिलिकची साखळी तयारीत ठेवतं, मग बीजाणू आला की झाड पटकन उठतं. इतकी दशकं वापरूनही त्याला दाद न देणारी बुरशी तयार झालेली नाही, कारण औषध बुरशीला मारतच नाही तर बुरशी त्याला सवयणार कशी. थेट बुरशी मारणाऱ्या बऱ्याच औषधांबाबत असं म्हणता येत नाही. पुढं टियाडिनिल, आयसोटियानिल अशी त्याच जातीची औषधं आली. म्हणजे झाडाचा हार्मोन वापरून करपा रोखता येतो, पन्नास वर्षांचा शेतावरचा अनुभव आहे, पण तो असा, योग्य रसायन, मुळातून, रोग यायच्या आधी.

इगतपुरी_भात:
मला वेगळा अनुभव आहे म्हणून लिहितो. मागच्या सालाला आम्ही सॅलिसिलिक ॲसिडचंच औषध मारलं होतं इंद्रायणीवर, दोन वेळा, आणि करपा नंतर वाढला नाही, हे डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणता भातात ते आधीच जास्त असतं मग फायदा कसा झाला? अभ्यास आपल्या जागी पण शेतात फरक पडला तो पडला.

बुरशी_अभ्यासक:
इगतपुरी_भात, तुम्ही पाहिलं ते नाकारत नाही, फक्त एक विचारतो, त्याच खाचरात न मारलेली पट्टी ठेवली होती का? कारण करपा हवामानावर फार अवलंबून असतो. चार दिवस कडक ऊन पडलं, पान वाळायला लागलं की काहीही न मारता नवीन ठिपके थांबतात, कारण बीजाणूला रुजायला पानावर तासन्‌तास ओल लागते. फुटव्यातला करपा पीक वाढत जातं तसा पुष्कळदा आपोआपही कमी होतो, वयस्क पानाला प्रतिकार जास्त असतो. आपण नेमकं तेव्हाच काही मारलेलं असतं आणि श्रेय त्याला जातं.

बाहेरून दिलेल्या सॅलिसिलिकनं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, प्रयोगांत काही प्रमाणात प्रतिकार वाढलेला दिसतो. पण मात्रा जास्त झाली की पान भाजतं, कमी झाली की भाताला त्याचं काही वाटत नाही, आणि बाटलीत नेमकं किती आहे यावर सगळं अवलंबून. म्हणूनच जपान्यांनी सरळ सॅलिसिलिक न फवारता त्याच साखळीला धक्का देणारी वेगळी रसायनं शोधली. या साली मारणार असाल तर एका खाचरात मधोमध दोन वाफ्यांएवढी जागा कोरी सोडा, फोटो काढा, इथं टाका. मला खरंच बघायला आवडेल.

इगतपुरी_भात:
पट्टी नव्हती सोडली. या टायमाला सोडतो. ऊन पडलं होतं हे मात्र आठवतंय, गणपतीत चांगलं कोरडं गेलं होतं.

संगमेश्वर_मळा:
सगळे हार्मोनवर बोलताय, सुंदर माहिती मिळतेय, पण मला वाटतं नत्र आणि सिलिका या दोन गोष्टी राहिल्या आणि त्या आपल्या हातातल्या आहेत. मी कृषी खात्यात होतो, आता घरची शेती बघतो.

युरिया एकदम दिला की भात काळाभोर हिरवा होतो, बघायला छान वाटतं आणि करपा पहिला तिथंच बसतो. पान लुसलुशीत, पेशीभिंत पातळ, झाड दाट म्हणून आत ओल टिकते. वाढीकडं आणि संरक्षणाकडं झाड एकाच वेळी सारखं लक्ष देत नाही हे वर ताईंनी जिब्रेलिनबद्दल सांगितलं तेच इथं दुसऱ्या वाटेनं येतं. म्हणून नत्र तीन हप्त्यांत द्यायचं, आणि करपा चालू असेल, आभाळ असेल तर हप्ता पुढं ढकलायचा. युरिया डीएपीच्या ब्रिकेट (खताच्या गोळ्या) चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधे खोल खोचल्या की नत्र हळूहळू मिळतं, पीक एकदम माजत नाही.

दुसरं सिलिका. भाताएवढी सिलिका ओढणारं पीक क्वचित, वाळलेल्या पेंढ्यात दहा टक्क्यांपर्यंत असू शकते. ती पानाच्या सालीखाली थर धरते आणि बुरशीच्या खुंटीला आत जाणं अवघड होतं. आपल्या चारसूत्री भात लागवड पद्धतीत पहिलंच सूत्र काय आहे, भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. ती कशासाठी तर सिलिकासाठी, रोप कणखर होतं. गिरणीवर तूस फुकट पडलेलं असतं. पांढरी होईपर्यंत जाळायचं नाही, काळपट असतानाच विझवायचं. पुढच्या साली आवणात (रोपवाटिकेत) नक्की घाल मावळ_खाचर, आता उभ्या पिकात त्याचा तेवढा उपयोग नाही.

आणि बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात घालायचं, दहा लिटरला ३०० ग्रॅम मीठ, तरंगलेलं पळंज फेकायचं, मग धुऊन सुकवून बुरशीनाशक चोळायचं. हलक्या रोगट बियांतून रोग आवणापासूनच चालू होतो.

मावळ_खाचर:
भरपूर कळलं, बहिणीलाही वाचायला दिलं, ती म्हणते हे नोट्समध्ये नव्हतं. आता उभ्या पिकाचं सांगा. ताल बुजवायला घेतलीय, माती आणि पेंढा घालून. युरियाचा दुसरा हप्ता या आठवड्यात द्यायचा होता तो थांबवतो. ट्रायसायक्लॅझोल मारू का आता, का सगळं पाण्यावर सोडू?

आणि अजून एक, काही पानांवर वेगळे ठिपके आहेत, छोटे, गोल, तिळाएवढे, तपकिरी. ते पण करपाच का?

बुरशी_अभ्यासक:
पाणी भरून ठेव पण वरच्या दोन खाचरांत औषध मारच. पाण्यानं प्रतिकार वाढतो तो हळूहळू, आणि तुझ्याकडं बीजाणू आधीच तयार झालेत. ट्रायसायक्लॅझोल ७५ टक्के, दहा लिटरला ६ ग्रॅम, स्टिकर टाकून, पाऊस उघडल्यावर. खालच्या खाचरांत रोज फिरून बघ, ठिपके वाढले तरच मार. खरा धोका पुढं आहे. लोंबी निसवताना मानेवर करपा बसला की मान काळी पडते, मोडते, लोंबी पांढरी राहते, आणि तिथं दाणा भरतच नाही. त्यामुळं पोटरीच्या शेवटी हवा अशीच असेल तर तेव्हा एक फवारणी राखून ठेव, तीही काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची ते लेबलवर बघून. पोटरी ते निसवणं या काळात पाणी अजिबात तुटू देऊ नकोस, तेव्हाचा ताण सगळ्यात वाईट.

तिळासारख्या ठिपक्यांचा फोटो टाक, पण वर्णनावरून तो करपा नाही, तपकिरी ठिपक्यांचा रोग वाटतो. बुरशी वेगळी, कॉक्लिओबोलस मियाबिआनस. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भात बुडाला त्यात या रोगाचाही हात होता. आणि हार्मोनचं गणित इथं पूर्ण फिरतं बघ. करप्यात ॲब्सिसिक ॲसिड घात करतं, या रोगात तेच भाताला वाचवतं. करप्यात इथिलिन मदत करतं, इथं ही बुरशी स्वतः इथिलिन बनवून त्याचा वापर भाताविरुद्ध करते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात यावर बरंच काम झालंय, त्यांनीच २०१५ मध्ये दाखवलं की सिलिका दिलेल्या भातात बुरशीचं हे इथिलिन बनवणंच कमी होतं. म्हणजे संगमेश्वर_मळा म्हणतात ती सिलिका नुसती भिंत होऊन उभी राहत नाही, त्याहून जास्त काहीतरी करते.

त्सुकुबा_मराठी:
यात एक जोडते. वर नत्रावर लिहिलंय की वाढ आणि संरक्षण सोबत जमत नाही. बहुतेक वेळा खरं आहे, पण २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी भातातच एक अपवाद दाखवला. आयपीए१ नावाचं प्रथिन लोंबीत दाणे वाढवतं. करपा आला की त्यावर एक छोटी खूण लागते आणि तेच प्रथिन वाढीचं काम बाजूला ठेवून डब्ल्यूआरकेवाय४५ चालू करतं. ४८ तासांच्या आत खूण निघते आणि ते परत दाण्यांच्या कामाला लागतं. असे वाण करणारे लोक आता याच्या मागे आहेत की प्रतिकार कायम चालू नको, पाहिजे तेव्हाच चालू झाला पाहिजे. डब्ल्यूआरकेवाय४५ कायम जोरात चालवला तर भाताची वाढ मार खाते हे आधीच दिसलेलं आहे.

धान_साकोली:
सर मग एकाच बांधीत करपा आणि तपकिरी ठिपके दोन्ही असले तर पाणी ठेवायचं का काढायचं? आमच्या हलक्या जमिनीत दोन्ही येतात.

बुरशी_अभ्यासक:
ठेवायचंच भाऊ. तपकिरी ठिपके जास्त करून भुकेल्या जमिनीत येतात, पालाश कमी, सिलिका कमी, नत्रही कमी, आणि पाण्याचा ताण तिथंही वाईटच. प्रयोगशाळेत एकेका हार्मोनचं जे दिसतं ते शेतात एकटं कधी येत नाही. हलक्या जमिनीत पालाश पूर्ण द्या, तूस आणि पेंढा शेतातच परत जाऊ द्या, आणि माती तपासून घ्या. करप्यासाठी मात्र नत्र वाढवताना हात आखडता, तपकिरी ठिपके दिसले म्हणून एकदम युरिया टाकू नका, नाहीतर एक जाईल आणि दुसरा येईल.

मावळ_खाचर:
फोटो टाकलेत, पहिले दोन वरच्या खाचरातले, तिसरा बांधाकडेचा. बांधाकडेला तिळासारखे जास्त आहेत, तिथं मुरूम आहे. बाटल्या दोन्ही राहू दिल्या. ताल एका बाजूनं बुजली, दुसरी उद्या.

बुरशी_अभ्यासक:
पाहिले. पहिले दोन करपा, तिसरा तपकिरी ठिपके. बांधाकडेची माती वेगळी काढून तपासायला दे, खाचरातल्या मातीत मिसळू नकोस.